न बोलणारे यंत्र
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या संगणक-कक्षात इंटरनेट घ्यायचे ठरले, तेव्हा पालकांनी एकच प्रश्न केला : "सर, दारावर राखणदार कोण?" प्रश्न रास्त होता. हा राखणदार म्हणजे फायरवॉल. २००४ साली सुरू झालेल्या पीएफसेन्समधून २०१४ मध्ये वेगळे निघालेले ओपीएनसेन्स हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यासाठी आपण वर्गणीतून एपीयू-२ जातीचा वहीएवढा जुना संगणक घेतला.

मी सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह लावला, वीज दिली. दिवे लागले, पुढे काहीच नाही. मॉनिटर जोडायला जागाच नव्हती! वर्गणी पाण्यात गेली, असे मी मनाशी ठरवूनही टाकले. तेव्हा नववीतली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हा बोलत नाही, की आपल्याला ऐकू येत नाही?"

तिचेच खरे होते. हे यंत्र सिरियल पोर्टमधून बोलते. नल-मोडेम केबलने ते दुसऱ्या संगणकाला जोडले. वेग चुकीचा होता म्हणून आधी अगम्य अक्षरे उमटली. १,१५,२०० हा वेग ठेवताच अक्षरे वाचता आली. मग माझी चूक कळली. मी मॉनिटरसाठीची 'व्हीजीए' फाइल उतरवली होती. हवी होती 'सिरियल'. ही फाइल दाबलेली मिळते. तिची एसएचए-२५६ खूण पडताळून, मग ती उकलून पेनड्राइव्हवर लिहिली. सुरू होताना एफ-१० दाबून यूएसबी निवडले.

तरी गाडी 'माउंटरूट' या शब्दाशी अडली. त्रुटी क्रमांक १९. म्हणजे प्रणालीचा गाभा चढला, पण पुढच्या फाइली ज्या डिस्कवर आहेत ती त्याला सापडेना. तेथे प्रश्नचिन्ह टंकले की दिसणाऱ्या डिस्कची यादी येते. आमचा पेनड्राइव्ह उशिरा जागा होत होता. लोडरमध्ये 'केर्न.कॅम.बूट_डिले' याला १०००० ही किंमत दिली, म्हणजे दहा सेकंद थांबायला सांगितले, आणि काम झाले. शेवटी पेनड्राइव्ह काढायला विसरू नये. नाहीतर यंत्र पुन्हा त्याच्यावरूनच सुरू होते.

मॉनिटरचा साधा छोटा संगणक असेल, तर तो ६४-बिट आहे ना ते पाहावे आणि सिक्युअर बूट बंद करावे. विद्यार्थ्यांनो, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या गोष्टीने गुण आला ते कधीच कळत नाही.

पालकहो, राखणदार बसला म्हणून घरातली आपली नजर काढू नका. आणि एक विनंती. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलालाही आपण असेच चटकन 'वाया गेला' म्हणतो. आम्ही शिक्षकही म्हणतो. त्याच्याशी बोलायची योग्य तार आपण जोडली आहे का, हे आधी पाहू या.