जाई, हॅरी आणि बकोर पटेल

बडोद्याच्या अकोटा भागातल्या अनेक मराठी घरांत मुलं बोलतात मराठी, शाळेत वाचतात गुजराती नाहीतर इंग्रजी. देवनागरी जोडाक्षरांशी ती अडखळतात, पण गोष्ट कानांनी चटकन पकडतात. तेव्हा पुस्तक मोठ्यांनी हाती घ्यावं आणि खणखणीत आवाजात वाचावं.

सुरुवात भा. रा. भागवतांच्या ‘जाईची नवलकहाणी’नं करा. लुईस कॅरलची १८६५ सालची ॲलिस इथे जाई होते. सशामागे बिळात शिरायचं, कधी बोटभर व्हायचं, कधी छताला टेकायचं! कॅरलचे शब्दखेळ मराठीत आणणं म्हणजे चेष्टा नव्हे.

त्यानंतरचं ‘हॅरी पॉटर आणि परीस’ जाडजूड खरं, पण प्रकरणं सतराच. रोज एक वाचलं तर सतरा रात्री निघतात. मूल ‘अजून एक’ म्हणेल, तिथंच थांबा.

मग भूमिका बदला. हरिप्रसाद व्यासांचे गुजराती बकोर पटेल, म्हणजे बोकडाच्या तोंडाचे गृहस्थ, मुलांनी वाचावेत, आजी-आजोबांनी ऐकावेत. हसून हसून पोट दुखतं.

पुस्तकांसाठी विश्वामित्री नदी ओलांडून मांडवीकडे गेलात, तर तिथे महाराज सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेली सेंट्रल लायब्ररी आहे. जाताना मुलांना सोबत न्या.