गुडघा आणि यंत्राचा हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आजचा विषय आपल्या चिटणीसबाईंनीच सुचवला. हल्ली हळदीकुंकवाला सतरंजीऐवजी खुर्च्या मांडाव्या लागतात, आणि गप्पा वळतात त्या गुडघ्यांकडे. त्यात 'रोबोटद्वारे शस्त्रक्रिया' अशा जाहिराती. "म्हणजे डॉक्टर नसतातच का हो?" असे मला पुष्कळजणी विचारतात. मी फिजिओथेरपीचे काम करते. शस्त्रक्रिया करीत नाही. ती झाल्यावर बायकांना चालवते. तेव्हा जे जाणते तेवढेच सांगते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. गुडघा बदलणे म्हणजे सगळा गुडघा काढून दुसरा बसवणे नव्हे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती झिजली की हाडावर हाड घासते. शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचे आणि नडगीचे झिजलेले टोक काही मिलिमीटर कापतात, दाताला टोपी बसवावी तसे त्यांवर धातूचे आवरण बसवतात आणि मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती घालतात. सारे कौशल्य त्या कापण्यात. मापात चुकले की ब्लाउज जसा एका खांद्यावरून ओढतो, तसा पाय एका बाजूला ओढतो.

यंत्राची मदत होते ती इथे. काही पद्धतींत आधी सी.टी. स्कॅन काढतात व संगणकावर त्याच बाईच्या हाडांचे चित्र तयार करतात. कुठे किती कापायचे हे डॉक्टर ठरवतात. शस्त्रक्रियेच्या वेळी हाडांत बारीक खिळे रोवून त्यांवर खुणा लावतात. कॅमेरा त्या खुणांवरून पायाची हालचाल टिपतो. करवत यंत्राच्या हाताला लावलेली असली, तरी ती चालवतात डॉक्टरच. आखलेल्या रेषेबाहेर ती जाऊ लागली की यंत्र तिला अडवते. सगळी यंत्रे एकसारखी नसतात, पण आपल्या मनाने निर्णय घेणारे त्यांत एकही नाही.

हे अगदी कालचे नवलही नाही. इंग्लंडात जॉन चार्नली यांनी खुब्याच्या बदलाची पद्धत १९६२ च्या सुमारास रूढ केली. पुढे तीस वर्षांनी, १९९२ साली, कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे रोबोडॉक नावाच्या यंत्राने खुब्याच्या शस्त्रक्रियेत माणसाचे हाड प्रथम कोरले. त्याआधी त्याचा प्रयोग कुत्र्यांवर झाला होता.

मग लाभ किती? कापणे आणि पायाची रेषा अधिक अचूक येते, हे बहुतेक अभ्यासांत दिसले आहे. परंतु दक्षिण कोरियातील रोबोडॉकच्याच एका मोठ्या अभ्यासात, जो २०२० साली प्रसिद्ध झाला, किमान दहा वर्षांनंतर यंत्राने आणि हाताने केलेल्या गुडघ्यांत वेदना, चालणे वा टिकाऊपणा यांचा फरक आढळला नाही. यंत्रे सुधारत आहेत, हेही खरे. पण खर्च वाढतो, वेळही थोडा अधिक लागू शकतो, आणि जंतुसंसर्गाचा किंवा रक्ताची गुठळी होण्याचा धोका यंत्रामुळे नाहीसा होत नाही. भारत सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये किमतीला मर्यादा घातली ती कृत्रिम सांध्याच्या. यंत्राचा आकार त्यात येत नाही.

म्हणून भगिनींनो, अंगावरचे दागिने मोडण्यापूर्वी डॉक्टरांना पाच प्रश्न विचारा. वजन, व्यायाम, औषधे यांनी अजून भागेल का? आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? यंत्राचे पैसे वेगळे किती, आणि विमा ते देतो का? यंत्र मध्येच थांबले तर हाताने पुरे कराल ना? आणि नंतरचा व्यायाम कोण करून घेणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही.

शेवटच्या प्रश्नावर मी भर देते. गुडघा वाकवण्याचे आणि सरळ करण्याचे व्यायाम पहिल्या आठवड्यांतच करावे लागतात. नेमक्या त्याच दिवसांत घरातली बाई "आधी स्वयंपाक आटपते" म्हणून उठते. मग लाखांचा गुडघाही ताठरतो.

दुसऱ्या काहीजणी त्याउलट. रात्री झोप नाही, जिना चढवत नाही, देवळात जाणेही बंद, तरी "वयाचेच आहे" म्हणून वर्षानुवर्षे सोसतात. यजमानांचा गुडघा दुखला तर आपण इतकी वर्षे थांबलो असतो का? यंत्र असो वा नसो, अनुभवी हातांनी वेळेवर केलेली शस्त्रक्रिया पुष्कळांना पुन्हा चालते करते. आपले दुखणे घरात मोठ्याने सांगणे, हेच पहिले पाऊल आहे. तेवढे मात्र कोणतेही यंत्र आपल्यासाठी टाकणार नाही.