नेसरीची खिंड रथावर उभी करताना
(शिवजयंतीच्या चित्ररथाच्या तयारीसाठी उद्यमबाग येथे जमलेल्या मंडळींपुढे केलेले भाषण)



यंदाच्या चित्ररथासाठी आपण नेसरीचा प्रसंग निवडला आहे आणि त्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे. लेथवर आयुष्य घालविलेला मनुष्य आहे. परंतु वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीनंतर बेळगावात रात्रभर जी मिरवणूक चालते, तीतील रथांचे सांगाडे मी जोडले आहेत, एकदा त्यावर प्रतापराव म्हणून उभाही राहिलो आहे. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

त्या वर्षी आमच्या हातून एक अपराध घडला. टाळ्या मिळाव्यात म्हणून आम्ही रथावर बहलोलखानास लोळविले. चौकाचौकांतून जयघोष झाला. एका वळणावर रथ थांबला असता गडहिंग्लजकडचे एक वृद्ध शेतकरी पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, “मग पोरांनो, प्रतापराव गेला तो कशानं?” मजजवळ उत्तर नव्हते. पुढील चौकात तोच प्रवेश करताना हातातील तलवार जड झाली, एवढे स्मरते.

नेसरी आपल्यापासून दूर नाही. गडहिंग्लज तालुक्यातील हे गाव. तेथे प्रतापरावांचे स्मारक आहे. घटनाक्रम असा. १६७३ च्या एप्रिल महिन्यात जतजवळील उमराणी येथे सरनोबतांनी बहलोलखानाचे पाणी तोडून त्यास कोंडीत धरले, आणि शरण येताच सोडून दिले. खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. महाराजांचा ठपका सरनोबतांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र. त्या दिवशी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव पडले. अवघ्या साडेतीन महिन्यांनी, ६ जून रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्यात सरनोबत म्हणून हंबीरराव मोहिते होते.

मुंबईकर इंग्रजांचा दुभाष्या नारायण शेणवी याने त्याच एप्रिलमध्ये लिहिलेल्या पत्रात या लढाईची वार्ता आहे. दोन डोंगरांमधील अरुंद वाट, प्रतापराव व सहा स्वार ठार, उरलेल्या फौजेची मदत पोहोचली नाही, आणि जय खानाचा. सात हा आकडा केवळ कवितेने वा गीताने दिलेला नाही, हे यावरून दिसेल. त्या सहा जणांची म्हणून जी नावे आपण पाटीवर रंगवितो, त्यांविषयी मात्र मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही. पाटीवर ‘सहा स्वार’ एवढेच लिहावे, असे माझे मत आहे. कोणास राग येईल, येवो.

माझे सांगणे एवढेच, की हा पराभव पराभव म्हणूनच दाखवावा. ट्रॉलीच्या पुढील भागी खिंड, आणि मागील भागी ती न पोहोचलेली फौज. सात घोडे फळीवर दौडविण्याच्या नादात आपण मागच्या माणसांना नेहमीच वगळतो. त्यांना संवाद नाहीत. सरनोबत पुढे निघून गेल्याचे पाहत त्यांनी नुसते उभे राहावयाचे आहे. अभिनयाच्या दृष्टीने हेच काम सर्वांत कठीण.

आरंभी उमराणीही हवी, दोन मिनिटे का होईना. तेथे केलेली दया दिसली नाही, तर पुढील धाव निव्वळ वेडेपणा वाटेल. बहलोलखानाचे काम करणाऱ्यास विदूषक करू नका. ज्यास जीवदान दिले तो शूर सेनापती होता. त्याची टर उडविल्यास दया करणाराही लहान होतो. शिवाय आपल्या मिरवणुकीच्या कडेला कन्नड बोलणारे, मुसलमान, सारेच शेजारी उभे असतात. ते सकाळी आपल्याच शेजारच्या यंत्रावर काम करावयाचे असतात.

आता कामाच्या गोष्टी. तलवारी पत्र्याच्या केल्या तरी कडा दुमडून घासून घ्याव्यात. मागे एका मुलाच्या मनगटास टाके पडले होते. डोंगराचा सांगाडा अँगलचा असावा, पण उंची रस्त्यावरील विजेच्या तारा पाहूनच ठरवावी. जनरेटर रथावर नको, मागील गाडीत ठेवा; त्याच्या घरघरीत ध्वनिमुद्रित संवाद बुडतात. लढाईचा प्रत्येक वार आकडे मोजून बसवा, कारण पहाटे तीनला, दहाव्या चौकात, दमलेला हात आपोआप चुकतो.

प्रतापराव पडल्यावर संगीत बंद करावे. टाळी येणार नाही, न येवो. रथ तसाच पुढे न्यावा, आणि मागील भागातील मुलांनी पुढचा चौक येईपर्यंत जागचे हलू नये.