पूल पडण्याआधीचा प्रश्न



रामेश्वरम म्हटलं की डॉ. अब्दुल कलाम आठवतात. आज मी त्यांच्या गावाला जाणाऱ्या रेल्वेपुलाबद्दल बोलणार आहे. पांबनचा हा पूल १९१४ साली सुरू झाला. दोन किलोमीटर लांब, खाली समुद्र. जहाज आलं की कामगार हातांनी यंत्र फिरवून मधला भाग उघडत. १९६४ च्या चक्रीवादळात पूल उद्ध्वस्त झाला, ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत तो पुन्हा उभा राहिला.

पण खारी हवा लोखंड खातच राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये पुलावरच्या गाड्या थांबवल्या. दोन वर्षांहून जास्त काळ प्रवाशांना मंडपमला उतरून रस्त्याने रामेश्वरम गाठावं लागलं. हाल झाले, पण अपघाताची वाट पाहिली गेली नाही. शेजारचा नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा भाग सरळ वर उचलला जातो.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. उद्घाटनाआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी या नव्या पुलातल्याही त्रुटी, अगदी गंजसुद्धा, लेखी नोंदवल्या. प्रश्न विचारणं म्हणजे विकासाला विरोध नव्हे.

मुंबईत एल्फिन्स्टन रोडला २०१७ मध्ये पादचारी पुलावर २३ जण चेंगरून मेले, त्यानंतर नवा पूल झाला. तुमच्या स्टेशनवरच्या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. तो अर्ज आजच करा.