उपसा सिंचनातील नळ आणि घर्षणाचा हिशेब



विसाव्या शतकाच्या आरंभी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. पुढे या जिल्ह्यातील नद्यांवर ‘कोल्हापूर पद्धतीचे’ बंधारे उभे राहिले आणि अडविलेले पाणी माळावरील उसापर्यंत चढविण्यासाठी सहकारी उपसा संस्था निघाल्या. पाणी किती उंच चढवावयाचे, हे सर्वांनाच ठाऊक असते. नळातील घर्षणापायी किती वीज जाते, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो. आणि त्याचा भार अखेर सभासदांच्या पाणीपट्टीवर येतो.

घर्षणामुळे पंपाला प्रत्यक्ष उंचीखेरीज आणखी काही मीटर अधिक जोर लावावा लागतो. ही वाढीव उंची काढण्याचे सूत्र एकोणिसाव्या शतकात वाइसबाख व दार्सी यांच्या कार्यातून सिद्ध झाले. वेगाच्या वर्गास गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागावे, येणाऱ्या संख्येस नळाची लांबी भागिले व्यास याने गुणावे आणि पुन्हा घर्षणगुणांकाने गुणावे. एवढेच ते सूत्र आहे.

समजा, सेकंदाला 50 लिटर पाणी 1,000 मीटर न्यावयाचे आहे आणि गुणांक 0.02 आहे. 200 मिलिमीटर व्यासाच्या नळात वेग सुमारे 1.6 मीटर होतो व घर्षणहानी जवळजवळ 13 मीटर येते. नळ 250 मिलिमीटरचा घेतल्यास ती सव्वाचार मीटरवर उतरते. व्यास सव्वापट, हानी एक तृतीयांश! कारण तेवढ्याच पाण्यासाठी हानी व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पंपसंचाची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर हंगामातील 2,000 तासांत सुमारे 14,000 युनिटांचा फरक पडतो. स्वस्त निविदा पाहून अरुंद नळ घेणाऱ्यांनी हा आकडा नळाच्या किमतीशेजारी मांडून पाहावा.

गुणांक कायम राहत नाही. लोखंडी नळ आतून गंजला की तो वाढतो. बाक, झडपा आणि गाळाने तुंबलेला फूट व्हॉल्व्ह यांची हानी निराळी.

जुन्या योजनेची परीक्षा सोपी आहे. पंपाच्या निर्गम नळावर दाबमापक बसवावा. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब म्हणजे सुमारे 10 मीटर उंची. पंप चालू असताना मापक साडेचार किलो दाखवीत असेल आणि पाणी पडण्याची जागा मापकापासून 35 मीटर उंच असेल, तर उरलेले 10 मीटर मुख्यतः घर्षणात जात आहेत, असे समजावे.