उभ्याने चालवावयाची सायकल

सायकल म्हटली की बैठक आलीच. कॅलिफोर्नियातील दोघांनी ती बैठकच काढून टाकली. ब्रायन पेट यांचे धावणे खुब्याच्या व गुडघ्याच्या दुखापतींमुळे सुटले. वाकून सायकल चालविणे त्यांना रुचेना; व्यायामशाळेतील लंबवर्तुळी फिरणारे यंत्र मानवले, पण ते चार भिंतींत जखडलेले. तेच रस्त्यावर आणता येईल काय, असे त्यांनी यंत्र-अभियंता ब्रेंट टील यांना विचारले. त्यातून घडलेले ‘एलिप्टिगो’ हे वाहन २०१० मध्ये बाजारात आले.

यात दोन लांब दांड्यांवर पावले ठेवून उभे राहावयाचे. दांडीचे एक टोक भुजेबरोबर गोल फिरते, दुसरे रुळावर मागेपुढे सरकते. म्हणून पावलाचा मार्ग वर्तुळ न राहता लांबट होतो. (गणिताच्या शिक्षकांना आयते उदाहरणच!) पाऊल धावल्यासारखे चालते, मात्र जमिनीवर आदळत नाही, त्यामुळे सांध्यांना हिसका बसत नाही. शरीराचा भार तरीही पायांवरच राहतो आणि पाठ ताठ राहते.

उभ्या अंगाला वारा अडतो. तेव्हा वेगात साधी सायकलच सरस. ओझे वाहण्यासही हे वाहन सोयीचे नाही आणि किंमतही साध्या सायकलीहून पुष्कळच अधिक आहे. धावणे वर्ज्य झालेल्या माणसाचा हिशेब मात्र निराळा असतो.