पिंपळे सौदागरची तिसरी पाहणी

(मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



हॅरल्ड मान पेशाने रसायनशास्त्रज्ञ. आसामातल्या चहामळ्यांसाठी काम केल्यावर १९०७ साली ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होऊन आले. मुंबई विद्यापीठात तेव्हा समाजशास्त्राचा विभागही नव्हता; तो सुरू झाला १९१९ साली. मान यांनी त्याची वाट पाहिली नाही. पुण्याच्या पंचक्रोशीतले एक गाव धरले, तिथल्या जमिनीचा, पिकांचा, कर्जाचा, घरखर्चाचा हिशेब मांडला आणि १९१७ साली पुस्तक काढले. गाव होते पिंपळे सौदागर.

त्या पुस्तकातले आकडे आजही वाचवत नाहीत आणि सोडवतही नाहीत. १७७१ साली गावातल्या सरासरी खातेदाराकडे ४० एकर जमीन होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली. त्यांतले ४६३ तुकडे एकराच्या आतले आणि ११२ तर दहा गुंठ्यांच्याही आतले. दहा गुंठ्यांच्या पट्टीत बैलजोडी वळवायची म्हटली की पाय शेजाऱ्याच्या बांधावर पडायचाच. बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी का चढतात, हे समजायला तेवढा एक तक्ता पुरे. तुकडेबंदीचा कायदा व्हायला १९४७ साल उजाडले. तोवर शेतीवरच्या चर्चेत पिंपळे सौदागरचा दाखला येतच राहिला.

मान तेवढ्यावर थांबले नाहीत. ना. वि. कानिटकरांना बरोबर घेऊन त्यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी केली. ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९६० साली पी. डी. डिसकळकरांनी पिंपळे सौदागरचीच फेरपाहणी छापली. गाव एक, पुस्तके दोन, मधे चार दशके. समाज बदलतो असे वर्गात सांगणे सोपे; तो किती बदलला हे दाखवायला असा जोड लागतो.

आज हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. तिथे एकर-गुंठ्यांऐवजी चौरस फुटांचे भाव विचारले जातात. त्या १५६ खातेदारांच्या पणतवंडांचे काय झाले? बिल्डरला जमीन दिली तेव्हा कुणाच्या वाट्याला किती फ्लॅट आले? हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या कधी आणि कशा घेतल्या गेल्या? ज्यांना जमीनच नव्हती ती घरे कुठे गेली? तिसऱ्या पाहणीचा विषय असा आयता समोर उभा आहे, आणि तिथून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर महाविद्यालये आहेत.

महाविद्यालयाचे खरे भांडवल हेच. ते जागचे हलत नाही. परदेशी विद्यापीठातला अभ्यासक वर्षभर राहतो, प्रबंध लिहितो, निघून जातो. तालुक्याच्या कॉलेजात मात्र दर जूनमध्ये त्याच वीस-पंचवीस गावांतली मुले येतात. त्यांना गावची बोली येते, कुठल्या आळीत कुणाचे कुणाशी पटत नाही हेही ठाऊक असते. एवढी मोठी सोय हाताशी असताना आपण काय करतो?

गूगल फॉर्म पाठवतो. ‘समाजमाध्यमांचा युवकांवर होणारा परिणाम : एक अभ्यास.’ पर्याय तीन : कमी, मध्यम, जास्त. फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, रात्रीच्या जेवणापर्यंत शंभर उत्तरे जमा होतात आणि प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात बिनदिक्कत लिहिले जाते की यादृच्छिक नमुना पद्धतीचा अवलंब केला आहे. निष्कर्ष काय निघणार हे फॉर्म भरणाऱ्यालाही माहीत असते.

याचे खापर एकट्या प्राध्यापकांवर फोडणे बरोबर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीला गुणांक जोडले आणि शोधनिबंधाला बाजारभाव आला. पैसे घेऊन छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या भूछत्रांसारखी उगवली. त्यांना आवर घालायला आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आणली आणि २०२५ मध्ये तीही गुंडाळली. इतक्या उलथापालथीत एखाद्या शिक्षकाने दहा वर्षे एकाच गावात काम करावे अशी अपेक्षा धरायची, तर त्या दहा वर्षांचे गुण कुठल्या रकान्यात भरायचे, हेही कुणीतरी सांगायला हवे.

गुणांकाचा धाक नवा असेल, पण मार्गदर्शकाला आवडेल तेच लिहिण्याचा मोह जुनाच आहे. तो आवरताही येतो. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वाच्या ज्या विचाराला पुढे नाझी राजवटीने डोक्यावर घेतले, त्याचे हे बडे प्रस्थ. कवट्यांच्या असमानतेवरून गोऱ्या वंशाचे वेगळेपण सिद्ध व्हावे ही त्यांची अपेक्षा. पंचविशीतल्या इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. मोजमापांतून तसे काही निघत नव्हते आणि त्यांनी तसे लिहिले. तरीही पदवी १९३० साली मिळाली.

१९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. इरावतीबाई तिथे रुजू झाल्या आणि त्यांनी मोजपट्टीबरोबर वहीही जवळ ठेवली. वारीबरोबर चालल्या. सोबत चालणाऱ्यांचे अभंग एक आणि जेवणाच्या पंगती जातीजातींच्या, हे त्यांना खुपले. ते त्यांनी ‘परिपूर्ती’तल्या ‘वाटचाल’ या लेखात मराठीत लिहिले, आणि तोच मजकूर पुढे इंग्रजीत होऊन अमेरिकेतल्या संशोधनपत्रिकेत गेला. मराठीत लिहिले म्हणून त्याचे संशोधनमूल्य कमी झाले नाही. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली. ती १९६९ मध्ये आली. धरण किती उंच आणि वीज किती मेगावॅट, हे सरकारी कागदावर होतेच. उठलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे विचारायला कॉलेजातली माणसे गेली.

कलांच्या बाबतीत आपली बाजू जास्तच लंगडी आहे. जात्यावरच्या ओव्यांचा सर्वांत मोठा संग्रह गी पॉइटेव्हिन आणि हेमा राइरकर या अभ्यासकांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने उभा केला. एक लाखाहून जास्त ओव्या, हजारावर गावे. पीठगिरणी दारात आल्यावर जाते थांबले, तरी म्हाताऱ्या बायकांच्या तोंडात ओव्या होत्या. त्या तिथे जाऊन ऐकाव्या लागल्या. त्या बायकांच्या नाती आपल्याच वर्गात बसत होत्या. मराठी विभागात तेव्हा लोकसाहित्याच्या पेपरसाठी ‘ओवीची वैशिष्ट्ये’ लिहून दिली जात होती. नोट्स अजून त्याच आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट घातला आहे. क्रेडिट थोडी आहेत, मुले मात्र हजारोंनी आहेत. दरवर्षी नवा विषय आणि नवी फाइल करण्यापेक्षा प्रत्येक कॉलेजने एक गाव किंवा शहरातला एक वॉर्ड धरावा. पहिल्या तुकडीने घरोघरची यादी करावी : माणसे किती, जमीन किती, कोण शिकायला बाहेर गेले, कुणाच्या मुलाचे लग्न जमत नाही. दुसऱ्या तुकडीने त्याच घरांत परत जावे. भजनी मंडळात कोण गाते, तमाशाचा फड शेवटचा कधी आला होता, जत्रेत आता डीजे कोण ठरवते, याची नोंद मराठी विभागाने करावी आणि गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावीत.

दोन पथ्ये मात्र हवीत. बोलणाऱ्याची परवानगी आधी घ्यावी आणि छापताना नावे बदलावीत. लहान गावात माणूस चटकन ओळखू येतो. आणि अहवालाची एक प्रत मराठीत, वाचता येईल अशा टायपात, ग्रामपंचायतीला द्यावी. तिथे कुणीतरी चूक काढेलच. ती पुढच्या तुकडीने वहीत उतरवून घ्यावी, आणि वही ग्रंथालयात रीतसर दाखल क्रमांक टाकून ठेवावी; विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवली तर ती त्यांच्याबरोबरच निवृत्त होईल.